स्की प्रशिक्षक कोर्स निवडताना
(गॅप इयर घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

बहुतेक जण आधी रिसॉर्ट पसंत करतात, मग कोर्स, आणि शिकवायचे कुठे हा विचार प्रमाणपत्र हातात पडल्यावर. आमचे सांगणे आहे की आधी नोकरीचा देश ठरवा. प्रमाणपत्र कोणते घ्यायचे ते त्यावरून ठरते.

ब्रिटनच्या 'बासी' या स्की प्रशिक्षकांच्या संस्थेची लेव्हल 1 घेतली, तर फक्त इनडोअर किंवा कृत्रिम उतारांवर शिकवता येते. डोंगरावर शिकवण्यासाठी लेव्हल 2 लागते. कॅनडाच्या 'सीएसआयए' या तशाच संस्थेची लेव्हल 1 काही दिवसांत होते आणि तिच्यावर नवशिक्यांना शिकवता येते, पण पुढच्या गटांसाठी तिथेही लेव्हल 2 हवीच. शक्य असेल तर लेव्हल 2 पर्यंत नेणाराच कोर्स घ्या. फ्रान्सचे गणित वेगळे आहे. तिथे पूर्ण पात्रतेसाठी घड्याळ लावून जायंट स्लॅलमची (उतारावर रोवलेल्या फाटकांमधून वळत खाली येण्याची) चाचणी आणि पर्वतसुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. ते एका सीझनचे काम नाही.

उत्तर गोलार्धातला सीझन साधारण डिसेंबर ते एप्रिल, न्यूझीलंडमधला जून ते ऑक्टोबर. गॅप इयर कधी सुरू होते, त्याप्रमाणे निवडा.

परीक्षेत वेगापेक्षा नेमकेपणा बघतात, आणि चांगल्या स्कीअरांचे घोडे इथेच अडते. परीक्षक चालण्याच्या वेगात स्नोप्लाऊ वळण करून दाखवायला सांगतो: स्कीची टोके जवळ, मागच्या बाजू फाकलेल्या, वजन बाहेरच्या स्कीवर. वेगात झाकले जाणारे दोष इथे उघडे पडतात. शरीर मागे रेलले की नडगी बुटाच्या जिभेवरून सुटते, पुढच्या टोकांवर दाब राहत नाही आणि स्की वळत नाही. मग माणूस खांदे फिरवून वळण ओढून घेतो. नेमके हेच नवशिके करतात, आणि ते दुरुस्त करणे हेच तर प्रशिक्षकाचे काम! म्हणून कोर्सआधीपासूनच सोप्या उतारावर संथ वळणांचा भरपूर सराव करा.

कोर्स घेणाऱ्या कंपनीला हे नक्की विचारा: आठवड्याला बर्फावर प्रत्यक्ष किती तास शिकवतात? एका गटात किती जण? (आमच्या मते आठच्या वर नकोत.) लिफ्ट पास (उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचे तिकीट) आणि परीक्षा शुल्क धरले आहे का? नापास झाल्यास फेरपरीक्षेचा खर्च कोणाचा? परीक्षक बहुतेक वेळा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा असतो, कंपनीचा नाही. त्यामुळे उत्तीर्ण होण्याची हमी कोणी देत असेल, तर सावध व्हा. 'नोकरीची हमी' आणि 'मुलाखतीची हमी' यांतला फरकही लेखी मागून घ्या.

बूट मात्र निघण्याआधी, मोजमाप घेऊन बसवून देणाऱ्या जाणकाराकडूनच घ्या. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत. एकच पातळ मोजा घाला. सैल बुटात टाच उचलली जाते आणि मग कितीही शिका, स्कीवर ताबा येत नाही. स्की विकत घ्यायची घाई नको.

विमा तपासताना तीन गोष्टी बघा: ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग), प्रशिक्षक कोर्स आणि पगारी काम. सहलीच्या साध्या विम्यात या तिन्ही अनेकदा नसतात, शिवाय हिवाळी खेळांच्या दिवसांवरही मर्यादा असते. व्हिसाचेही तसेच: कोर्ससाठी मिळालेल्या व्हिसावर काम करता येईलच असे नाही. वर्किंग हॉलिडे व्हिसाला (परदेशात राहून काम करू देणाऱ्या तरुणांच्या व्हिसाला) वयाची अट असते, अनेक देश वार्षिक जागाही ठरवून देतात आणि तो सगळ्या देशांच्या नागरिकांना मिळत नाही. कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ही माहिती पाहून घ्या.