लॅकरमुळे लाकूड ‘श्वास घेतं’?

हाताने घडवलेल्या आर्चटॉप (वरची फळी कोरून कमानदार केलेल्या) जाझ गिटारींबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावर मारायचा एक लेप, थोडक्यात नायट्रो) असेल तर लाकूड ‘श्वास घेतं’ आणि म्हणून नाद खुलतो. तसं काही होत नाही. लाकडात ओल शिरण्याचा वेग कमी करणं हेच तर फिनिशचं काम, आणि नायट्रोही तेच करतं. फरक पडतो तो थराच्या जाडीने. जाड थरामुळे वरच्या फळीचं वजन वाढतं, कंपन दबतं. पातळ मारलेलं पॉलियुरेथेन (दुसऱ्या प्रकारचा लेप) जाड नायट्रोपेक्षा केव्हाही बरं.

मुळात नाद घडतो तो कोरणाऱ्याच्या हातात. स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची वरची फळी मध्यभागी किती जाड ठेवली, कडेला किती उतरवली, फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या समांतर की एक्स आकाराच्या, यावर बरंच ठरतं. समांतर पट्ट्यांचा आवाज साधारणपणे धारदार, बँडमधून वर येणारा. एक्सचा मऊ, गोलसर. १९९० च्या दशकात अमेरिकन संग्राहक स्कॉट चिनरी यांनी गिटार कारागीर जिमी डॅक्विस्टोंकडून निळी आर्चटॉप करून घेतली, मग इतर नामांकित कारागिरांकडूनही त्याच निळ्या रंगात, १८ इंच रुंदीच्या. रंग एकच, घडण मात्र ज्याची त्याची! म्हणून गिटार निवडताना लॅकर कोणतं हे विचारण्याआधी एक कॉर्ड हळू आणि एक जोरात वाजवून बघा.