हरलेल्या नेत्याने खुर्ची कधी सोडावी?

८ मे २०१५ रोजी ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचा कौल स्पष्ट होताच साधारण तासाभरात तीन पक्षांचे नेते पायउतार झाले: लेबर पक्षाचे एड मिलिबँड, लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या युकिप पक्षाचे नायजेल फराज. निर्णय तिघांचा एकच, पराभव मात्र तीन जातींचे. क्लेग यांचा पक्ष ५७ जागांवरून ८ वर आला आणि मते २३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्याही खाली घसरली. मिलिबँड यांच्या २६ जागा घटल्या, पण मतांचा टक्का जवळपास दीडने वाढला. फराज यांच्या पक्षाची मते ३ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर गेली, पण जागा मिळाली एकच, आणि स्वतः फराज पडले. तीन दिवसांनी पक्षाच्या कार्यकारिणीने त्यांचा राजीनामा फेटाळला आणि ते पुन्हा पदावर बसले.

‘नैतिक जबाबदारी स्वीकारून’ दिलेल्या राजीनाम्याभोवती टाळ्या आणि टीका दोन्ही भरपूर होतात. मात्र ‘हरलात, आता जा’ या मागणीत दोन दावे लपलेले असतात: एक, पराभव नेत्यामुळे झाला, दोन, नेता बदलला की पक्षाचे भले होईल. दोन्ही दावे तपासता येण्यासारखे आहेत आणि दोन्ही वाटतात त्याहून कच्चे आहेत.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करू. कोणत्याही निकालात दोन भाग असतात. एक पक्षाचा टिकाऊ पाठिंबा, दुसरा त्या वेळेचा योगायोग: ऐन प्रचारात उघड झालेले प्रकरण, अचानक वाढलेली महागाई, मते खाणारा तिसरा पक्ष. निकाल जितका वाईट, तितका त्यात वाईट योगायोगाचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त. तो योगायोग पुढच्या वेळी तसाच राहत नाही, त्यामुळे आकडे आपोआप थोडे सुधारतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. आता नेते बदलले जातात ते नेमके सर्वात वाईट निकालानंतर. साहजिकच पुढची सुधारणा नव्या नेत्याच्या खात्यावर जमा होते, मग त्याने काही केलेले असो वा नसो.

फुटबॉलमध्ये सामने दर आठवड्याला होतात, त्यामुळे तिथे हे स्वच्छ मोजता येते. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील नोंदींवर झालेल्या अभ्यासात दोन गट केले गेले: सलग हरल्यावर प्रशिक्षक हाकललेले संघ, आणि तितकेच हरूनही प्रशिक्षक कायम ठेवलेले संघ. दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले. राजकारणात असा तुलनेचा गट जमवणे फार अवघड असते. निवडणुका चार-पाच वर्षांनी होतात, पक्ष मोजके असतात, आणि दोन पराभव क्वचितच एकमेकांसारखे असतात. म्हणून ‘नेता बदलला म्हणून जिंकलो’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले, तर ‘न बदलता काय झाले असते?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

राहण्याच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच फसवा असतो. त्यात हटकून एक यादी येते: ब्राझीलचे लुला १९८९, १९९४ आणि १९९८ मध्ये हरले, २००२ मध्ये जिंकले, फ्रान्सचे मित्तराँ १९६५ आणि १९७४ मध्ये हरून १९८१ मध्ये अध्यक्ष झाले, दक्षिण कोरियाचे किम डे-जुंग तीन पराभवांनंतर १९९७ मध्ये निवडून आले. यादी खरी आहे, पण ती फक्त परत आलेल्यांची आहे. ऑस्ट्रेलियाचे गॉफ व्हिटलॅम १९७५ च्या पराभवानंतर राहिले आणि १९७७ मध्ये पुन्हा हरले. ब्रिटनचे नील किनॉक १९८७ नंतर राहिले आणि १९९२ मध्ये हरले. कॅनडाचे जॉन टर्नर १९८४ नंतर राहिले आणि १९८८ मध्ये हरले. ही दुसरी यादी कुणाला पाठ नसते. शिवाय पहिल्या यादीतले तिघेही अध्यक्षीय निवडणुकीचे उमेदवार होते, आणि अशा निवडणुकीत उमेदवार हा पक्षप्रमुख असेलच असे नाही. १९६५ मध्ये मित्तराँ समाजवादी पक्षाचे प्रमुख नव्हतेच, मग राजीनामा कशाचा देणार? संसदीय पद्धतीत विधिमंडळातला रोजचा लढा नेत्याला लढवायचा असतो, त्यामुळे तिथे हे दाखले जेमतेमच लागू पडतात.

आता पहिला दावा: दोष नेत्याचा होता का? इथे आधी पराभव नीट मोजावा लागतो, आणि जागांचा आकडा त्यासाठी सर्वात वाईट माप आहे. २०१७ मध्ये ब्रिटनचा लेबर पक्ष ४० टक्के मते आणि २६२ जागा घेऊन हरला. २०२४ मध्ये तोच पक्ष ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा जिंकला. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये बिल शॉर्टन यांच्या लेबर पक्षाला ३३.३ टक्के पहिल्या पसंतीची मते मिळाली (तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात) आणि त्यांना जावे लागले. २०२२ मध्ये अँथनी अल्बनीझी ३२.६ टक्क्यांवर पंतप्रधान झाले. मतांची फाळणी, दुसऱ्या पसंतीची मते आणि विरोधकाची अवस्था यांनी हा फरक घडवला.

म्हणून जाणकार आधी ‘अपेक्षित निकाल’ काढतात. सत्तेत असणे हेच महागात पडते: स्थिर लोकशाही देशांत सत्ताधारी पक्ष एका कार्यकाळात सरासरी दोन-अडीच टक्के मते गमावतात, आणि हा आकडा वेगवेगळ्या देशांत आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे. दहा वर्षे सत्तेत असलेला पक्ष दोन टक्क्यांनी घसरला, तर नेत्याने काही वेगळे बिघडवले असे त्यावरून सिद्ध होत नाही. तोच पक्ष अर्थव्यवस्था ठीक असताना दहा टक्क्यांनी घसरला, तर मात्र कारण शोधायला हवे.

यानंतर निकालाचे तुकडे पाडायचे. मिलिबँड यांच्या २६ जागांचेच पाहा. स्कॉटलंडमध्ये लेबर ४१ जागांवरून एका जागेवर आला. म्हणजे तिथे ४० गेल्या, आणि उरलेल्या देशात निव्वळ १४ वाढल्या. स्कॉटलंडमधली पडझड सप्टेंबर २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताशी जोडलेली होती. लंडनमध्ये दुसरा कुणी नेता असता तर ती टळली असती असे म्हणायला फारसा आधार नाही. उलट उरलेल्या देशात, पाच वर्षे विरोधात राहूनही वाढ अवघी १४, हा प्रश्न मिलिबँड यांना विचारणे रास्त होते.

तिसरी पायरी म्हणजे मतदारांनाच विचारणे, पण तीही जपून. ‘मत का दिले नाही?’ याला ‘नेता आवडत नाही’ हे सोपे उत्तर असते. अनेकदा माणूस आधी पक्षापासून दुरावतो आणि मग त्याला नेता खटकू लागतो. हा क्रम कळण्यासाठी निवडणुकीपूर्वी ज्यांना प्रश्न विचारले, त्याच लोकांना नंतर पुन्हा विचारावे लागते. मतदानानंतरच्या एकदाच घेतलेल्या पाहणीतून तो दिसत नाही.

ऑस्ट्रेलियन लेबर पक्षाने २०१९ च्या पराभवावर नोव्हेंबरात जो अहवाल जाहीर केला, तो या बाबतीत वाचण्यासारखा आहे. त्याने तीन कारणे एकत्र ठेवली: प्रतिस्पर्ध्याने नेता बदलल्यावरही न बदललेली कमकुवत रणनीती, धोरणांची जोखमीची वाटणारी गर्दी, आणि लोकांना न आवडणारा नेता. तीनपैकी एक. नुसता नेता बदलला असता तर दोन कारणे तशीच उरली असती. पक्षाने पुढे करविषयक वादग्रस्त आश्वासनेही गुंडाळली.

हे सगळे समजायला महिने लागतात, आणि राजीनामे मात्र सकाळी अकराला होतात. खरी गोम तिथे आहे. जायचे जाहीर करणे आणि प्रत्यक्ष खुर्ची रिकामी करणे या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि बहुतेक नुकसान त्या एक केल्याने होते.

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते मायकेल हॉवर्ड यांनी मे २००५ मध्ये हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाणार असल्याचे सांगितले, पण पद सोडले ६ डिसेंबरला. दरम्यान ऑक्टोबरात ब्लॅकपूलच्या अधिवेशनात इच्छुकांना पक्षासमोर बोलावे लागले. तोवर डेव्हिड डेव्हिस आघाडीवर मानले जात होते. कागद न वापरता केलेल्या भाषणानंतर डेव्हिड कॅमेरॉन यांचे पारडे जड झाले. मे महिन्यातच निवड झाली असती, तर तेव्हा ३८ वर्षांच्या, फारशा परिचित नसलेल्या कॅमेरॉन यांना संधी मिळणे कठीण होते. रेंगाळणारा नेता तटस्थ नसतो हेही लक्षात ठेवायला हवे. कॅमेरॉन आणि जॉर्ज ऑस्बोर्न यांना मोठी खाती देऊन मंच मिळवून दिला तो हॉवर्ड यांनीच. शेवटचा शब्द सदस्यांऐवजी खासदारांचा असावा असा नियमबदलही त्यांनी करून पाहिला, तो फसला.

२०१५ च्या लेबर पक्षात याच्या उलट घडले. मिलिबँड त्याच दिवशी गेले, उपनेत्या हॅरिएट हारमन हंगामी नेत्या झाल्या. जुलैमध्ये सरकारने कल्याण योजनांतील कपातीचे विधेयक आणले. हंगामी नेतृत्वाने तटस्थ राहण्याचा व्हिप काढला. ४८ खासदारांनी तो मोडला. कारण उघड आहे: दोन महिन्यांनी जे पदावर नसणार, त्यांच्या व्हिपला किती भ्यायचे? त्या आधी, जूनमध्ये, जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारीसाठी लागणाऱ्या ३५ खासदारांच्या सह्या मुदत संपता संपता मिळाल्या, एकूण ३६. त्यांतल्या काहींनी केवळ चर्चा व्यापक व्हावी म्हणून सही केली होती. सप्टेंबरात कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी नेते झाले. त्यांची निवड चांगली की वाईट हा इथला प्रश्न नाही. पक्षाचा पराभवावरील अहवाल बाहेर आला जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सदस्यांनी निदानाआधीच मतदान केले होते.

उत्तराधिकाऱ्याची वाट न आखता दिलेला राजीनामा तर याहून लांबतो. भारतात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला ५२ जागा मिळाल्यावर राहुल गांधींनी २५ मे रोजी कार्यकारिणीत अध्यक्षपद सोडण्याची तयारी दाखवली आणि ३ जुलैला पत्र जाहीर केले. १० ऑगस्टला सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या. निवडून आलेला अध्यक्ष, मल्लिकार्जुन खर्गे, मिळायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

माझ्या मते नेत्याच्या निवेदनात पहिल्याच दिवशी चार गोष्टी असाव्यात: पद सोडण्याची ठरलेली तारीख, तोवर कोणते निर्णय घेणार नाही याची यादी, पराभवाची मीमांसा करणाऱ्या समितीचे नेतृत्व पक्षनेत्याच्या गोटाबाहेरच्या व्यक्तीकडे, आणि समितीचा अहवाल उमेदवारी अर्जांच्या आधी जाहीर होईल ही हमी. यासाठी पाच ते सात महिने पुरतात. याहून कमी वेळ दिला तर अहवाल घाईचा होतो, आणि जास्त दिला तर नेत्याचे कुणी ऐकत नाही. हंगामी नेता नेमावाच लागला, तर त्याने कायमच्या पदासाठी उभे राहू नये. कॅनडातील पक्षांत अशी अट घालण्याची पद्धत आहे.

नेता जायलाच तयार नसेल तर? १९७४ मध्ये एका वर्षात दोनदा हरूनही ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे एडवर्ड हीथ जाईनात, आणि पक्षाच्या तेव्हाच्या नियमांत पदावर असलेल्या नेत्याला आव्हान देण्याची सोयच नव्हती. ती नव्याने करावी लागली. फेब्रुवारी १९७५ मध्ये पहिल्या फेरीत मार्गारेट थॅचर यांना १३० आणि हीथ यांना ११९ मते पडली. म्हणून हा प्रश्न नेत्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर न सोडता नियमात बांधलेला बरा. ऑस्ट्रेलियन लेबर पक्षात २०१३ पासून पराभवानंतर नेतेपदाची निवड आपोआप खुली होते. शॉर्टन २०१६ मध्ये हरूनही बिनविरोध पुन्हा निवडून आले, कारण तेव्हा पक्षाने बरीच मजल मारली होती.

असा नियम करताना नेत्याला किती पाठिंबा पुरेसा, हा उंबरठाही लिहून ठेवावा लागतो. १९८३ मध्ये कॅनडाच्या जो क्लार्क यांना पक्षाच्या मतदानात ६६.९ टक्के पाठिंबा मिळाला. नियमाप्रमाणे तो पुरेसा होता, पण त्यांनाच तो कमी वाटला. त्यांनी नेतेपदाची निवडणूक लावली आणि ब्रायन मल्रोनी यांच्याकडून हरले. त्याच देशात २०१६ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॉम मल्केअर यांना त्यांच्या पक्षाच्या मतदानात ४८ टक्केच मिळाले, ते पडले. पण नव्या नेत्याची तारीख जवळची न ठरल्याने पक्षाने दीड वर्ष जाणारा नेता घेऊन काढले.

तडकाफडकी जाणे योग्य ठरते ते थोड्याच प्रसंगी: नेत्याच्या वर्तनावरच निवडणूक लढली गेली असेल, किंवा ‘हरलो तर जाईन’ असे त्याने मतदारांना सांगितले असेल. स्वतःची जागा गमावणे हे तिसरे कारण सांगितले जाते, पण ते तितके पक्के नाही. एप्रिल २०२५ मध्ये कॅनडाचे पिएर पॉलिएव्ह निवडणूकही हरले आणि स्वतःचा मतदारसंघही. तरी ते पक्षाचे नेते राहिले. सहकाऱ्याने सोडलेल्या जागेवरून १८ ऑगस्टला ते पोटनिवडणूक जिंकले. मधल्या काळात सभागृहातील विरोधी पक्षनेतेपद सांभाळले अँड्र्यू शीर यांनी, जे २०१९ मध्ये विजेत्या पक्षापेक्षा जास्त मते मिळवूनही हरले होते आणि ज्यांनी दोन महिन्यांच्या आत राजीनामा दिला होता.