शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे

हरिकेनच्या (अटलांटिकमधल्या तीव्र चक्रीवादळाच्या) नकाशावर सर्वांत जास्त गल्लत होते ती शंकू, म्हणजे वादळाच्या संभाव्य मार्गाचा पुढे रुंदावत जाणारा पट्टा, आणि वाऱ्यांचा विस्तार यांत. आपण शंकूच्या बाहेर, म्हणजे सुटलो, असं मानून बसणं फार महागात पडू शकतं.

अमेरिकेचं मायामीतलं नॅशनल हरिकेन सेंटर काढतं तो शंकू एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: वादळाचं केंद्र कुठे असेल? पुढच्या १२ ते १२० तासांत केंद्र जिथे असेल असा अंदाज असतो, त्या बिंदूंभोवती वर्तुळं काढून ती जोडली की शंकू होतो. मागच्या पाच वर्षांतल्या अंदाजांच्या दोन तृतीयांश चुका मावतील एवढं प्रत्येक वर्तुळ असतं. म्हणजे केंद्र बाहेर जाण्याची शक्यताही चांगलीच उरते. शिवाय त्या हंगामात अटलांटिकमधल्या सगळ्या वादळांना तीच मापं लागतात. रुंद शंकूवरून वादळ मोठं ठरत नाही.

वाऱ्यांच्या विस्ताराचे आकडे याच संस्थेच्या दर सहा तासांनी निघणाऱ्या फोरकास्ट ॲडव्हायजरीत (अंदाजाच्या पत्रकात) असतात. ३४, ५० आणि ६४ नॉटचे वारे (साधारण ६३, ९३ आणि ११९ किमी प्रतितास) केंद्रापासून ईशान्य, आग्नेय, नैऋत्य आणि वायव्येला किती सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किमी) पोचतात, ते तिथे दिलेलं असतं. २०१२चं सँडी वादळ अमेरिकेजवळ आलं तेव्हा जोराने फार वरच्या श्रेणीचं नव्हतं, पण तिथल्या किनाऱ्याला लागण्याआधी त्याच्या ३४ नॉट वाऱ्यांचा व्यास सुमारे १,६०० किमी झाला होता. असा पसारा कुठल्याच शंकूत दिसत नाही.

दोन्ही एकत्र वाचायचे असे. समजा ३४ नॉटची त्रिज्या ईशान्येला १२० आणि नैऋत्येला ६० सागरी मैल आहे. केंद्रापासून ८० सागरी मैलांवरचं गाव ईशान्येला असेल तर वाऱ्यात, नैऋत्येला असेल तर बाहेर. अंतर नकाशाच्या अक्षांशपट्टीवर मोजा. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. मग केंद्र शंकूच्या आपल्याकडच्या कडेला सरकवून पुन्हा मोजा. तेव्हा नैऋत्येचं गावही आत येऊ शकतं.

एक सावधगिरी: दिलेली त्रिज्या त्या भागातली कमाल असते, सरासरी नाही. त्यामुळे आत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तेवढा वारा येईलच असं नाही, जमिनीवर तर तो आणखी मंदावतो. एवढा हिशेब नको असेल तर वाऱ्याच्या शक्यतेचा नकाशा उघडा. मार्ग, जोर आणि आकार या तिन्हींतली अनिश्चितता त्यात एक हजार पर्यायी वाटचालींतून मोजलेली असते, आणि आपल्या गावापुढे सरळ टक्का मिळतो.