गोळीला टक्कल पडू नये म्हणून

बदामाचे किंवा हेझलनटचे बारीक तुकडे लावलेली चॉकलेटची गोळी धारदार सुरीने मधोमध कापावी आणि कापलेली बाजू भिंगाखाली धरावी. काही तुकड्यांच्या बुडाशी चॉकलेट थोडे वर चढलेले दिसते, रोपाच्या बुंध्याला मातीची भर घालावी तसे. हे तुकडे नखाने उचकटूनही निघत नाहीत. त्यांच्याच शेजारच्या एखाद्या तुकड्याखाली मात्र चॉकलेट सपाट असते आणि तो बोट लागताच सुटतो. दोन्ही तुकडे एकाच यंत्रातून, एकाच मिनिटात आलेले असतात. फरक इतकाच, की दुसरा पोचला तेव्हा चॉकलेटवर साय धरली होती.

गोळ्यांना मेव्याचा किंवा दाण्यांचा लेप देणाऱ्या यंत्राचे सगळे काम या एका गोष्टीभोवती फिरते. पृष्ठभाग ओला आहे तेवढ्या थोड्या वेळात गोळीच्या प्रत्येक भागाची दाण्याशी गाठ पडली पाहिजे. गाठ पडल्यावर तो दाणा पुन्हा घासून निघता कामा नये. पहिल्या कामासाठी गोळी भरपूर लोळली पाहिजे, दुसऱ्यासाठी कमीत कमी. यंत्र बनवणाऱ्याची खरी ओढाताण इथेच होते.

आकड्यांसाठी २० मिलिमीटर व्यासाची गोळी घेऊ. तिचे पृष्ठफळ सुमारे १२.६ चौरस सेंटिमीटर आणि वजन साधारण ५ ग्रॅम. तिच्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचा ओला चॉकलेटचा थर दिला तर त्याला सुमारे ०.८ ग्रॅम चॉकलेट लागते. दाणा सरासरी अडीच मिलिमीटरचा धरू. आता असे किती दाणे बसतील?

या प्रश्नाचे उत्तर रस्त्याकडेला गाड्या लावण्याच्या गणितात सापडते. जो येईल त्याने मिळेल त्या जागी गाडी लावली आणि नंतर कोणी हलवली नाही, तर गाड्यांमध्ये अशा फटी राहतात की त्यात आणखी एक गाडी मावत नाही. हंगेरीचा गणिती आल्फ्रेड रेन्यी याने १९५८ मध्ये सिद्ध केले, की अशा रस्त्याचा फक्त ७५ टक्क्यांच्या आसपास भाग भरतो. सपाट पृष्ठभागावर गोल चकत्या अशाच येतील तशा चिकटू दिल्या तर हिशोब आणखी खाली येतो. सुमारे ५५ टक्के जागा व्यापली, की नव्या चकतीला शिरायला वाव उरत नाही. त्याच चकत्या नीट रचून बसवल्या तर ९० टक्क्यांपर्यंत जागा भरते.

म्हणून चिकट गोळीवर वरून कितीही मेवा ओतला तरी नुसत्या ओतण्याने ती जेमतेम अर्धी झाकते. दाणे कमी पडतात म्हणून हे होत नाही. बसलेले दाणे सरकत नाहीत म्हणून होते. गोळी दाण्यांच्या गादीत हलक्या दाबाने लोळली, की ओल्या चॉकलेटवरचे दाणे थोडे बाजूला सरतात, फटी एकत्र येतात आणि त्यात नवा दाणा बसतो. लोळवण्याचा पहिला उपयोग हा. सगळे दाणे एकाच मापाचे न घेता २ ते ३ मिलिमीटरच्या दाण्यांत १ ते २ मिलिमीटरचे थोडे मिसळले तर उरलेल्या बारीक फटीही बुजतात.

वजनाचा हिशोबही यातूनच निघतो. ५५ टक्के जागा भरली तर एका गोळीवर अडीच मिलिमीटरचे सुमारे १४० दाणे बसतात आणि त्यांचे वजन साधारण १.१५ ग्रॅम भरते. ताशी १०० किलो गोळ्या जात असतील तर ताशी २३ किलो मेवा खपणार, तेवढा सतत वरून भरत राहायला हवा. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. झाकलेली जागा तेवढीच राहिली तरी लेपाचे वजन दाण्याच्या व्यासाच्या प्रमाणात बदलते. चाळणी बदलून अडीचऐवजी तीन मिलिमीटरचा दाणा आला, तर लेप पाचव्या हिश्शाने जड होतो. यंत्राला कोणी हातही लावलेला नसतो, पण पुड्याचे वजन बिघडते.

भुकटीचा उपद्रव याहून मोठा आहे. दाणा जितका बारीक तितका तो वजनाच्या मानाने जास्त जागा अडवतो. मेव्यात वजनाने ५ टक्के भुकटी असेल आणि तिचा कण ०.२ मिलिमीटरचा असेल, तर झाकायच्या जागेतला तिचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात जातो. ही भुकटी ओल्या चॉकलेटवर आधी बसते, त्यातली चिकटाई शोषून घेते आणि मागून आलेला मोठा दाणा कोरड्या पिठावर पडून घरंगळतो. गोळी मातकट दिसते आणि डब्याच्या तळाशी चुरा साठतो. त्यामुळे लेपाच्या यंत्रासाठी पैसे खर्च करण्याआधी चांगली चाळणी घ्यावी.

आता लोळवण्याकडे येऊ. पट्ट्यावर मेव्याची गादी पसरून तिच्यावरून गोळी सरळ रेषेत लोळवली, तर ती एकाच अक्षाभोवती फिरते. पृथ्वीला जसे दोन ध्रुव, तसे गोळीलाही दोन ध्रुव तयार होतात, आणि ते दाण्यांना कधीच टेकत नाहीत. आपली गोळी गादीत ५ मिलिमीटर रुतत असेल तर पृष्ठभागाचा १३ टक्के भाग उघडा राहतो. ३ मिलिमीटरच रुतली तर २८ टक्क्यांहून जास्त. मग ती दहा वेळा फिरो की शंभर वेळा, टक्कल त्याच जागी राहते. पट्टा लांब करून हा दोष जात नाही, नवे दाणेही तिथे पोचत नाहीत.

मग गोल गोल फिरवली तर? इथे भूमिती थोडी चकवते. न घसरता, एकाच त्रिज्येच्या वर्तुळात लोळणाऱ्या गोळीच्या अंगावर उमटणारी रेघ हेसुद्धा एक बंद वर्तुळच असते. चक्राकार हलणारी थाळी अगदी नियमित चालली, तर गोळी तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवते. हातांच्या तळव्यांमध्ये वळलेली गोळी सगळीकडून सारखी होते, कारण हाताचे वर्तुळ कधीच नेमके नसते. दाब बदलतो, त्रिज्या बदलते, मध्येच गोळी किंचित घसरते आणि अक्ष सरकत राहतो. यंत्रात ही अनियमितता मुद्दाम घालावी लागते. पन्हळीला लांबीच्या दिशेने एक कंपन आणि आडव्या दिशेने वेगळ्या गतीचे दुसरे कंपन देतात, किंवा वाट नागमोडी ठेवतात, किंवा गोळ्या फिरत्या ड्रममधून नेतात.

ड्रम हे सगळ्यात जास्त चालणारे साधन. किंचित उतरता, आडवा, दोन्ही टोकांना उघडा असा हा स्टीलचा पिंप. वरच्या तोंडातून ओल्या गोळ्या आणि मेवा आत जातो, खालच्या तोंडातून लेप बसलेल्या गोळ्या आणि उरलेला मेवा बाहेर येतो. ड्रम किती वेगाने फिरवायचा याला एक वरची हद्द आहे. त्या वेगाला आतला माल भिंतीला चिकटून ड्रमबरोबर पूर्ण फेरा मारतो आणि लोळणे थांबते. हा वेग मिनिटाला किती फेरे हे काढण्यासाठी ४२.३ ला ड्रमच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागावे. ५० सेंटिमीटरच्या ड्रमला उत्तर येते ६० फेरे. प्रत्यक्षात या ड्रमला मिनिटाला ६ ते १२ फेरे पुरतात. त्या वेगात माल भिंतीबरोबर थोडा वर चढतो आणि वरच्या थरातून सलग घरंगळतो. त्याहून फार हळू फिरवला तर माल नुसता घसरतो किंवा ढिगाने अधूनमधून कोसळतो; फार जोरात फिरवला तर गोळ्या उडून आपटतात आणि बसलेले दाणे निखळतात.

आत किती वेळ राहायचे ते उतार ठरवतो. वरचाच ड्रम १.२ मीटर लांब, ३ अंश उतरता आणि मिनिटाला १० फेऱ्यांचा असेल, तर माल सुमारे ५० ते ५५ सेकंदांत पार होतो. उतार दुप्पट केला की वेळ निम्मा. वेळ कमी करायचा झाला तर आधी उतार बदलावा. फेरे वाढवण्याचा मोह टाळावा, कारण वेगाबरोबर आदळआपटही वाढते. आतल्या भिंतीवर १० ते १५ मिलिमीटर उंचीच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या तर गोळ्यांना आडवा धक्का मिळून अक्ष बदलतो. त्याहून उंच पट्ट्या गोळीला उचलून वरून टाकतात.

ड्रममध्ये गोळ्यांपेक्षा मेवा कितीतरी जास्त असावा, आकारमानाने निदान दुप्पट-तिप्पट. गोळ्या एकमेकींना टेकल्या की दोन वाईट गोष्टी होतात. एक तर त्या चिकटून जोड्या बनतात, नाहीतर वेगळ्या होताना एकमेकींचे चॉकलेट ओरबाडतात. दोन्ही गोळ्यांवर समोरासमोर नाण्यासारखे गोल डाग दिसले तर कारण हेच.

कंपन देणाऱ्या पन्हळीत आणखी एक अडचण येते. हलत्या मिश्रणात मोठे कण सहसा वर येतात, कारण मोठा कण क्षणभर उचलला गेला की त्याच्याखालच्या पोकळीत बारीक कण शिरतात आणि त्याला परत खाली बसता येत नाही. याला ब्राझील नट परिणाम म्हणतात. १९८७ मध्ये तो संगणकावरच्या प्रतिकृतीने दाखवला गेला. आपली गोळी दाण्याच्या आठपट मोठी, त्यामुळे ती गादीत बुडण्याऐवजी वर तरंगत पुढे सरकते आणि माथा कोरडा राहतो. उपाय असा, की खालच्या गादीवर भिस्त न ठेवता वरून मेव्याचा पडदा सोडायचा.

हा पडदा हॉपरच्या, म्हणजे मेवा साठवणाऱ्या नरसाळ्यासारख्या पेटीच्या, तळाच्या फटीतून पडतो. पाण्याच्या टाकीत पातळी उतरली की धार मंदावते. दाण्यांचे तसे नसते. त्यांचा भार बराचसा हॉपरच्या भिंतींवर जातो, म्हणून हॉपर अर्धा रिकामा झाला तरी फटीतून पडणारा प्रवाह तेवढाच राहतो. वाळूचे घड्याळ याच आधारावर चालते. मात्र फट मोठ्यात मोठ्या दाण्याच्या सहा ते आठपट रुंद हवी. ३ मिलिमीटरच्या दाण्याला २० ते २५ मिलिमीटर. त्याहून अरुंद फटीत दाणे एकमेकांना अडकून कमान धरतात आणि पडद्यात मध्येच भोक पडते. तेलकट भुकटी असेल तर कमान आणखी लवकर धरते.

तपमानाकडे दुर्लक्ष झाले की वरचे सगळे वाया जाते. टेंपरिंग केलेले, म्हणजे ठरावीक पद्धतीने तापवून-निववून स्फटिक नीट जमवलेले, गडद चॉकलेट ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला आणि दुधाचे २९ ते ३० अंशांना वापरतात. अर्धा मिलिमीटरच्या थरातून उष्णता आतल्या गाभ्यापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद पुरेसे असतात. गाभा थेट शीतकपाटातून १० अंशांना आला असेल, तर चॉकलेट आतून गोठू लागते आणि दाणे येईपर्यंत चिकटपणा संपतो. तो गाभा पुढे खोलीच्या तपमानाला येताना प्रसरण पावतो आणि कवचाला तडा जातो, हा दुसरा तोटा. गाभा २० ते २२ अंशांवर असणे बरे. मेवाही त्याच्याच आसपास असावा. भाजणीतून गरमच आलेला मेवा चॉकलेटमधले स्फटिक वितळवतो. अशा गोळ्यांवर काही दिवसांनी करडी झाक येते. गरम मेवा कापतानाही तेल सोडतो आणि त्याचा लगदा ड्रमच्या भिंतीला बसतो. ओलावा २-३ टक्क्यांच्या आत ठेवावा, कारण थोड्याशा पाण्यानेही चॉकलेटमधली साखर एकत्र येऊन ते घट्ट होते.

ड्रमनंतर गोळ्या जाळीवरून जातात आणि जास्तीचा मेवा खाली पडून परत वर चढवला जातो. या परतीच्या वाटेवर तीन चाळण्या एकाखाली एक लावाव्यात. १२ मिलिमीटरची गोळ्या अडवते, ४ मिलिमीटरची चॉकलेट-मेव्याच्या गुठळ्या काढते आणि १ मिलिमीटरची भुकटी खाली सोडते. मधली चाळणी नसेल तर गुठळ्या फेऱ्यागणिक वाढतात आणि गोळीवर मस्से उठतात. फिरून फिरून दाण्यांचे कोपरे झिजतात, म्हणून दिवसाच्या शेवटी उरलेला मेवा दुसऱ्या दिवशीच्या ताज्या मालात घालण्याआधी पुन्हा चाळावा.

यंत्र नीट चालले आहे का, हे तपासायला साधा काटा पुरतो. पट्ट्याच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या रांगेतून प्रत्येकी २० गोळ्या लेपाआधी आणि लेपानंतर तोलाव्यात. तिन्ही रांगांची वाढ सारखी नसेल तर पडदा एका बाजूला विरळ पडतो आहे. वाढ सारखी पण कमी असेल तर आधी गाभ्याचे आणि चॉकलेटचे तपमान पाहावे, मग भुकटी. वजन बरोबर असूनही टक्कल दिसत असेल, तर ते समोरासमोरच्या दोन टोकांना आहे का हे बघावे. तसे असेल तर अक्ष बदलत नाही. टक्कल एकाच जागी आणि सपाट असेल तर गोळी लेपाआधी कुठेतरी पट्ट्यावर थांबते आहे. शेवटी थंड झालेल्या दहा गोळ्या ३० सेंटिमीटरवरून ताटात सोडाव्यात आणि ताटात पडलेले दाणे तोलावेत. रोज त्याच उंचीवरून, त्याच ताटात सोडले, तर दाणे उशिरा बसू लागल्याचे त्या आकड्यात डोळ्यांना दिसण्याआधी कळते.