पाळ फुटते तेव्हा: राखड, ओबी आणि लाल गाळाची पार्श्वभूमी

जुलै २०२२ च्या मध्यावर, ऐन झडीत, नागपूरजवळच्या खसाळ्याला राखेचा बंधारा फुटला. कोराडीच्या वीजकेंद्रातली राखड पाण्यात कालवून पाइपाने इथल्या तलावात सोडतात. पाळ तुटली आणि ते राखाडी पाणी आसपासच्या गावांतून, वावरांतून, नाल्यांतून कन्हानकडे गेलं. नागपूरकर जिचं पाणी पितात तीच ही कन्हान.

वावरात उतरलेली राखड ओली असते तोवर साध्या गाळासारखीच दिसते. चार दिवस ऊन लागलं की तिच्यावर पापडासारखी खपली धरते, खपलीखाली नुसतं पीठ. बोटभर वाढलेली पऱ्हाटी त्यात मानेपर्यंत अडकली की तिचं काही खरं नसतं.

अशा वेळी गावात पहिला वाद होतो तो अस्मानी की सुलतानी, याचा. हा वाद रिकामटेकडा नाही, कारण पुढे पंचनामा असतो. नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत शेतातला गाळ काढायला मदत मिळते ती थर तीन इंचांहून जाड असेल तर. राखडीचा इंचभर थर त्या मापात बसत नाही, रोपाला मात्र तो पुरतो. शिवाय आपत्ती नैसर्गिक ठरली की बांध कोणाचा होता हा प्रश्न कागदावरून आपोआप उतरतो.

खरं तर पाळ म्हणजे काय हे पूर्व विदर्भाला शिकवायला नको. कोहळी समाजाने बांधलेले भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे तलाव पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवत आले. पाण्याच्या तलावाची पाळ एकदा नीट चोपून बांधतात, जादा पाणी सांडव्याने काढून देतात, पुढे तिची डागडुजी करत राहतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव झाले, आणि डागडुजी करणारा धनीच उरला नाही म्हणून कितीतरी तलाव गाळाने भरले.

खाणीच्या गाळाचा तलाव याच्या उलट चालतो. खनिज दळून-धुऊन उरलेला बारीक चोथा पाण्यासकट आत येत राहतो, आणि जागा पुरेना तशी पाळ चढवत नेतात. सर्वांत स्वस्त पद्धतीत नवी पाळ जुन्या पाळीमागे, आत साचलेल्या गाळावरच रचतात. यात धोका काय, हे समजायला धानकऱ्याला कोणी इंजिनिअर लागत नाही. रोवणीआधी चिखलणी केलेली बांधी थोडी निवली की वरून घट्ट वाटते. एका जागी पाय आपटत राहा, ती थुलथुलते, पाणी वर येतं आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो. गाळाच्या धरणात हेच होतं, फक्त वर पाय नसतो, डोंगराएवढी पाळ असते. चिलीत १९६५ च्या भूकंपात अशी धरणं फुटून एल कोब्रे गावात २०० हून अधिक माणसं गाडली गेली. त्यानंतर त्या देशाने ही पद्धत मोडीत काढली. बाकी जगाने बराच काळ फारसं मनावर घेतलं नाही.

विदर्भात खाणी जुन्या. वरोऱ्याचा कोळसा १८७० च्या दशकातला, मनसर-तुमसर पट्ट्यातलं मँगनीज विसाव्या शतकाच्या तोंडावरचं. भुयारी खाणीतून दगड-माती बेतानेच निघायची. राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी, आली आणि खुल्या खाणी वाढत गेल्या तसे वणी, घुग्गुस, बल्लारपूरकडे ओबीचे डोंगर उभे राहिले. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरची काढून टाकलेली माती. ज्या सपाट काळ्या मुलखात गावाबाहेरची टेकडी म्हणजे नवलाई, तिथे आता टेकड्या मोजायला लागतात. इरई आणि वर्धेच्या काठावरचे हे ढिगारे पुराचं पाणी गावाकडे वळवतात, ही चंद्रपूर भागातली जुनी तक्रार.

ढिगारा म्हणजे धरण नव्हे, हे कबूल. पण वेल्समधल्या ॲबरफॅनलाही ढिगाराच होता. कोळशाच्या खाणीतली घाण डोंगरउतारावर, जिवंत झऱ्यावर टाकत गेले. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो शाळेवर आला: ११६ मुलं, २८ मोठी माणसं. कोळसा मंडळाच्या अध्यक्षांनी आधी सांगितलं की खालचा झरा कोणालाच ठाऊक नव्हता. तो नकाशावर होता. चौकशीत ठपका मंडळावरच आला.

पाचेक वर्षांनी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या बफेलो क्रीकला कोळसा धुतलेल्या पाण्याचा बांध फुटून १२५ माणसं गेली. कंपनीने सांगितलं, ही देवाची करणी. चारच दिवस आधी सरकारी तपासनीसाने तो बांध समाधानकारक ठरवला होता!

ब्राझीलने तर पावसाची सबबही ठेवली नाही. २०१५ साली मारियानाचं गाळाचं धरण फुटलं आणि लोहखनिजाचा गाळ रिओ दोसी नदीतून शेकडो किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळाला; १९ माणसं गेली आणि काठच्या मच्छिमारांचा धंदा बसला. मग २५ जानेवारी २०१९, ब्रुमाजिन्यो. धरणात नवा गाळ टाकणं केव्हाच थांबलं होतं, ते सुरक्षित असल्याचा दाखला हाती होता. भर दुपारी ते बसलं. खाणीचं कँटीन थेट खाली, वेळ जेवणाची. २७० बळी. सुरक्षिततेचं जागतिक मानक त्यानंतर, २०२० मध्ये आलं. ते पाळणं मात्र ऐच्छिक.

आपल्याकडे सिंगरौलीतल्या सासनचा राखेचा बांध १० एप्रिल २०२० ला फुटला आणि सहा जण वाहून गेले. एप्रिलच्या उन्हात अस्मानी कुठून आणायची? राख साठवूच नये, विटा, सिमेंट, रस्त्यांत वापरावी, अशी केंद्राची अधिसूचना १९९९ पासूनची. मुदती वाढत गेल्या, तलावही.

हा सगळा इतिहास आता गडचिरोलीसाठी कामाचा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ चा. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं, नक्षलवाद्यांच्या जाळपोळीनंतर थांबलं, २०२१ पासून जोरात आहे. खाणीखालच्या मल्लमपाडीकडे पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत लाल गाळ उतरतो, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. आधी तिथून चांगल्या प्रतीचं खनिज तसंच ट्रकने जायचं. कमी प्रतीचं खनिज दळून-धुऊन वापरायचं ठरलं की चोथा उरणारच. तशा प्रकल्पासाठी वनजमीन देण्याच्या हालचाली २०२५ मध्ये पुढे सरकल्या. तो चोथा कुठे साठणार, पाळ कोणत्या पद्धतीने चढवणार, तिच्या खाली कोणती गावं, हे गोंडी-माडिया बोलणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या गावात बसून सांगावं लागेल. २०२२ साली खाणविस्ताराची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, एटापल्लीपासून शंभरावर किलोमीटरवर.