भट्टी मोकळी, माल अडकलेला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीवाल्याला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखानदाराला, ‘तुमची कपॅसिटी किती?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा भट्टीच्या हिशेबानं येतं : दिवसाला १० टन. हे झालं वितळलेलं लोखंड. गाडीत भरून जाणारा माल बराच कमी भरतो. लोखंड ज्या वाटांनी साच्यात शिरतं ते रनर, आणि आकसणाऱ्या धातूची तूट भरून काढणारे रायझर, यांत थिजलेलं लोखंड तोडून पुन्हा भट्टीत टाकावं लागतं. ओतलेल्या १०० किलोंतून ६५ किलो कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, मिळालं आणि त्यातलं ५ टक्के रिजेक्ट झालं असं धरा. १० टनांचे सव्वासहा टनही हाती लागत नाहीत.

बरं, तेवढे तरी रोज निघतात का? वितळलेलं लोखंड कुणासाठी खोळंबत नाही. एसजी आयर्न या जास्त चिवट ओतीव लोखंडामध्ये मॅग्नेशियम घातल्यामुळे ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार होतात, पण त्याचा असर दहा-पंधरा मिनिटांतच उतरायला लागतो. म्हणजे थांबायचं तर साच्यांनी थांबायचं. भट्टी तयार आणि वाळूचे साचे धरणारे बॉक्स कमी, अशी वेळ आली तर रस नुसता गरम ठेवण्यातच वीज जाते.

बॉक्स किती लागतील, याचं उत्तर रांगांचा अभ्यास करणारे संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात सापडतं. आत असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. तासाला ४० बॉक्स ओतले आणि प्रत्येक बॉक्स गार व्हायला ३ तास लागले, तर १२० बॉक्स कायम गार होण्यातच गुंतलेले. जाड कास्टिंगची ऑर्डर आली, गार व्हायला ५ तास लागू लागले, की २०० बॉक्स हवेत. भट्टी तीच, माणसं तीच, आणि तरी लाईन थांबते. ऑर्डर घेताना नगाचं वजन सगळे विचारतात. गार व्हायचा वेळ फारसं कुणी विचारत नाही.

पुढे फेटलिंग. ग्राइंडरवर कास्टिंगच्या कडा साफ करायचं हे काम अजून बरंचसं हातानं चालतं आणि प्रत्येक जॉबला वेगळा वेळ घेतं. एखादा पंप बॉडीचा नग चटकन होतो, तर आतून वाळू चिकटलेला नग अर्धा तास खातो. अशा ठिकाणी ग्राइंडर १०० टक्के गुंतवून ठेवायचा अट्टहास महागात पडतो. माल अनियमितपणे येतो, कामाचा वेळही कमीजास्त होतो असं सर्वांत साधं गणित मांडलं आणि एका जॉबला सरासरी १ तास धरला, तर ग्राइंडर ८० टक्के वेळ गुंतलेला असताना रांगेत सरासरी ४ तास जातात. ९० टक्क्यांना ९ तास, ९५ टक्क्यांना १९ तास. ग्राइंडरचं गुंतणं ९० वरून ९५ टक्क्यांवर गेलं आणि थांबणं दुपटीहून जास्त! रिकामं मशीन दिसलं की मालकाचा जीव वरखाली होतो, हे समजण्यासारखं आहे. पण तो मोकळा वेळच डिस्पॅचची तारीख सांभाळत असतो.

ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी, योगायोगानं १९६१ मध्येच, याचा दुसरा पदर उलगडला : रांग फक्त गर्दीनं वाढत नाही, अनियमितपणानंही वाढते. त्यामुळे नवा ग्राइंडर न घेताही रांग कमी करता येते. वाळूचा ओलावा रोज सारखा ठेवला, कोअर (नगाची आतली पोकळी घडवणारे वाळूचे ठोकळे) नीट बसवले, तर साफसफाईला अडून बसणारे नग घटतात. जोतिबाच्या यात्रेला किंवा सुगीला किती माणसं सुट्टीवर जाणार, हेही आधीच ठाऊक असतं. ते प्लॅनमध्ये लिहायला पैसे पडत नाहीत. पंचगंगेचा पूर मात्र वेगळा. २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा तयार मालालाही बाहेर पडायला वाट नव्हती.

म्हणून ऑर्डरी वाढल्या की लगेच मोठी भट्टी, महावितरणकडून वाढीव लोड, असा विचार करण्याआधी शेडमध्ये एक चक्कर मारावी. फेटलिंगसमोर ढीग असेल तर मोठी भट्टी फक्त ढीग वाढवेल. तिथे दुसरी पाळी लावली तर ढीग उतरेल, आणि काही दिवसांनी तो शॉट ब्लास्टिंगपाशी (जिथे छऱ्यांच्या माऱ्यानं नग साफ करतात) किंवा तपासणीच्या टेबलाजवळ दिसू लागेल. मग पुढचे पैसे तिथे घालायचे.