बीपीची वही आता फोनात

बीडकडचे आमचे मामा दर हंगामात ऊसतोडीला कर्नाटकात जातात. दवाखान्याची फाईल गावात, पत्र्याच्या पेटीत. तिकडच्या डॉक्टरनं विचारलं, "कोणती गोळी चालू आहे?" तर उत्तर ठरलेलं: "पांढरी, बारकी." यंदा बहिणीनं त्यांच्या फोनात बीपीचं ॲप टाकून दिलं. गोळीच्या पाकिटाचा फोटो, सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि रात्री आठला वाजणारी आठवण, एवढंच त्यात.

फोन बीपी मोजत नाही, मोजतो तो दंडाचा पट्टा. तो फुगून दंडातली रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, दाबतो. मग सैल होत जाताना प्रत्येक ठोक्याचा हादरा यंत्राला जाणवतो, आणि हे हादरे कसे वाढतात, कधी ओसरतात यावरून वरचा-खालचा आकडा हिशेबानं निघतो. नुसतं कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर मात्र भरवसा ठेवू नये. अशाच एका खपाच्या ॲपची अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासणी केली. २०१६ साली निष्कर्ष आला: बीपी खरोखर वाढलेलं असताना दहापैकी जवळपास आठ वेळा ॲपला ते कळलंच नव्हतं.

मग ॲप कशाला? बीपी दिवसभर खालीवर होतच असतं. मोळी उचलली, चहा झाला, लघवी दाबून धरली, की आकडा चढला. काहींचा तर डॉक्टर दिसताच चढतो. म्हणून एका आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी महत्त्वाची. घरी ती १३५/८५ किंवा जास्त निघाली तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची. चौदा-पंधरा आकड्यांची सरासरी फडात कोण काढत बसणार? ते काम ॲप करतं.

मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, दंड छातीच्या उंचीला. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, खुर्ची कुठली! मामा ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसतात.

घोळ झाला तो संक्रांतीच्या सुमारास. आकडे छान यायला लागले, तशी मामांनी गोळी सोडली. आकडे गोळीमुळेच उतरले होते, हे ॲपनं सांगितलं नाही. पण आठ-दहा दिवसांत आलेखाची रेघ वर चढताना त्यांनी स्वतः पाहिली आणि घाबरून बहिणीला फोन केला.

"गोळी चालू केली बघ," म्हणायलेत. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामांच्या ठेच्याला मात्र ॲपमध्ये रकाना नाही.